टोपीखालचं काळीज

तिला घरात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला चौकशी म्हणत. घड्याळ का चालतं, मांजर का घुरघुरतं, शेजारच्या काकू आत्याशी का बोलत नाहीत, असं दिवसभर विचारून लहानपणी तिने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. तेव्हा वडलांनीच ते नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती दातांची डॉक्टर झाली. दादा म्हणाला, बरं झालं, आता समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारेल, म्हणजे उत्तर द्यायचा ताप तरी नाही कुणाला.

तर या दादाचा एके दिवशी फोन आला. आईच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला होता. घर वरच्या मजल्यावर, खाली फक्त गॅरेज. तेव्हा गॅरेजमध्ये खिडकी पाडून आईसाठी खोली करायची, गवंड्याशी बोलणं झालं आहे आणि गाडी न्यायला भंगारवाला परवा येतो आहे. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. गाडीचं तर असं सांगितलं, जसं काही फुटकी बादलीच टाकायची होती.

"गाडीला झालंय तरी काय?" तिने विचारलं.

"इंजिन जाम. बाबा सांगायचे ना."

"ते माहीत आहे रे. पण जाम कशाने झालं?"

दादाला तेही ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती स्वतःच चपापली. जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल विचारणाऱ्या या बाईने घरातल्या गाडीबद्दल हा प्रश्न आजवर कधीच विचारला नव्हता. ती दहाएक वर्षांची होती. एका सकाळी बाबा गॅरेजमधून जिना चढून वर आले, हात धुतले आणि म्हणाले, "इंजिन जाम झालं. आता ही गाडी काही चालायची नाही." मग चहा घेतला आणि बसने ऑफिसला गेले. झालं! दाराची कडी कुरकुरली तरी चार माणसांना बोलावून दाखवणारा हा गृहस्थ, पण इंजिन जाम झाल्यावर त्यांनी एकही मेकॅनिक बोलावला नाही. गाडी विकलीही नाही. दर रविवारी खाली जाऊन ती पुसायची आणि मग तासभर आत बसून राहायचं, एवढं मात्र शेवटपर्यंत चाललं. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

चौकशीने दवाखान्याला सुट्टी दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती उस्तादाला घेऊन घरी आली. हा उस्ताद म्हणजे तिचा पेशंट. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, वयाने पिकलेला, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. एका कानाने बहिरा, म्हणून इंजिनाचा आवाज ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा आणि त्याची मूठ दातांत धरायची, ही त्याची पद्धत. हाडातून आवाज थेट डोक्यात जातो म्हणे. त्या नादात त्याचा पुढचा दात दोनदा तुटला होता आणि दोन्ही वेळा तो चौकशीनेच बसवून दिला होता. तिसऱ्यांदा बसवणार नाही, असं तिने बजावलंही होतं.

दादाने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, मेलेल्या माणसाला डॉक्टर कशाला? चौकशी म्हणाली, कशाने मेला ते बघायला. दादाचं तिने मनावर घेतलं नाही, तो तसाच. पण आईचं बोलणं तिला लागलं. आई म्हणजे दोऱ्याचे तुकडेसुद्धा गुंडाळून ठेवणारी बाई. रिकाम्या बाटल्यांची झाकणं तिच्याकडे बाटल्यांपेक्षा जास्त. ती आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "कशाला उकरून काढतेस? द्या टाकून एकदाची." एवढंच बोलून तिने विणकाम हातात घेतलं आणि विणलेलंच उसवायला लागली. चौकशीने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न घुसला. आईला या गाडीची एवढी घाई का?

गॅरेजचं दार उघडलं तेव्हा आतून जुन्या रबराचा आणि ग्रीसचा वास आला. कापडी आच्छादन ओढलं तर खाली शेवाळी रंगाची गाडी, अजूनही चकाकी राखून. उस्ताद तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याची बडबड एकदम थांबली. ते पाहून चौकशीलाच काळजी वाटली.

मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती, चाकं जमिनीला टेकत नव्हती. का, तर टायर एका जागी बसून चपटे होऊ नयेत म्हणून. बॅटरी काढून ठेवलेली. पेट्रोलची टाकी कोरडी केलेली, कारण जुनं पेट्रोल आत राहिलं की त्याचा डिंक होतो. उस्तादाने इंजिनाचे प्लग काढले आणि त्या भोकांतून आत डोकवायला विजेरी मागितली. चौकशीने विजेरी दिली आणि शिवाय पर्समधून पेशंटचे दात बघायचा छोटा आरसा काढला. हातच्या कांकणाला आरसा लागत नसेल, पण सिलिंडरला लागतो. आरसा आत सरकवून तिने अक्कलदाढ बघावी तसं डोळा बारीक करून पाहिलं. आत सगळं तेलाने माखलेलं होतं, गंजाचा एक ठिपका नव्हता.

उस्तादाने भिंतीवरचं, इंजिन हाताने फिरवायचं हँडल काढलं. फडक्यात गुंडाळून, ग्रीस लावून खिळ्याला टांगलेलं. ते पुढून घातलं, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि इंजिन एक उसासा टाकून गर्रकन फिरलं. जोर जास्त लावल्याने उस्ताद पडता पडता वाचला.

"हे जाम?" तो चिडून म्हणाला. "बाई, हे इंजिन कधीच जाम नव्हतं. तुमच्या वडलांनी हे लोणच्यासारखं मुरवून ठेवलंय. जाम झालेल्या इंजिनाला कुणी इतक्या वर्षांचं तेल पाजतं का?"

चौकशी बॉनेटला टेकून उभी राहिली. बाबा खोटं बोलत नसत. निदान तिला तसं कधी आढळलं नव्हतं. मग सगळ्या घरादाराला, पाहुण्यारावळ्यांना, इतकी वर्षं एकच थाप? आणि ती कशासाठी? गाडी चालू करून बघायचीच, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. दादाने वरून ओरडून आठवण केली की भंगारवाला उद्या दुपारी येणार. ती म्हणाली, येऊ दे की, त्यालाही बघू दे.

संध्याकाळपर्यंत उस्तादाने नवी बॅटरी जोडली, कार्बोरेटर धुतला, नळ्या बदलल्या, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं आणि टायरांत हवा भरून गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली. राहता राहिलं काळीज.

काळीज म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या गाडीच्या इंजिनाजवळ एक काळी टोपी असते. तिच्याखाली अंगठ्याएवढा एक तुकडा फिरत असतो, त्याला रोटर म्हणतात. तो फिरून प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देतो. तो काढला की गाडी ठप्प. बाबांना चोरांची फार धास्ती. रोज संध्याकाळी गाडी लावली की ते टोपी उघडून रोटर काढायचे, खिशात टाकायचे आणि वर येऊन पलंगाशेजारच्या पितळी वाटीत ठेवायचे. वाटीत तो वाजला की बाबा घरी आले, असं पोरांना कळायचं. "गाडीचं काळीज काढून आणलं," असं ते म्हणत, म्हणून घरात त्याला सगळे काळीजच म्हणायचे. खिशात राहून ते कपड्यांबरोबर धुतलंही गेलं होतं, त्यावरून आईने बाबांची चांगलीच हजेरी घेतली होती.

म्हणजे टोपीखाली ते असणार नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. उस्ताद म्हणाला, टोपी मी आत्ता उघडत नाही. जुनी टोपी कचकड्यासारखी ठिसूळ झालेली असते, क्लिपा गंजल्यात, एकदा उघडेन ती काळीज हातात आल्यावरच. तेव्हा आधी ते शोधा, मी उद्या सकाळी येतो.

चौकशीने घर पालथं घातलं. पितळी वाटी मिळाली, तिच्यात आता आईच्या गोळ्या होत्या. बाबांच्या कपाटात, हत्यारांच्या पेटीत, माळ्यावर, जुन्या कोटांच्या खिशांत, कुठेच काही नाही. दादा पंख्याखाली बसून म्हणाला की हे सगळं हसू येण्याजोगं आहे, पण हसायचं त्राण नाही. शेवटी ती आईच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून तिने सरळच विचारलं, "आई, बाबांच्या गाडीचं काळीज कुठंय गं?"

आईने विणकाम बाजूला ठेवलं. ताकास तूर लागू न देणारी बाई ती, चौकशीला वाटलं आताही नाही म्हणेल. पण आईने शिवणाचा डबा पुढे ओढला, बटणांचा थर बोटांनी बाजूला केला आणि तळातून एक काळा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. पितळेची पट्टी काळवंडली होती. तिच्या टोकाला ठिणग्यांनी खाल्लेले बारीक खड्डे होते.

"मीच घेतलं होतं," आई म्हणाली. "आणि ते तुझ्यामुळे."

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना चौकशीच्या हातातलं काळीज गरम झालं तरी तिच्या ध्यानात आलं नाही. बाबा तिला शाळेत सोडायचे तेव्हा ती पुढच्या सीटवर बसायची. वाटेत त्यांचा एक खेळ असायचा. बाबा विचारायचे, "पुढे लाल की हिरवा?" आणि ती ओरडून सांगायची. "ती पाटी काय म्हणते?" ती वाचून दाखवायची. "डावीकडे कोण उभं आहे?" तेही सांगायची. तिला वाटायचं, बाबा आपली परीक्षा घेतात. पुढची सीट आपल्याला मिळते आणि दादाला मागे बसावं लागतं, याची ऐट वेगळी. एकदा तर गाडी फुटपाथवर चढली होती आणि बाबा हसले होते, म्हणून तीही हसली होती.

एका रात्री जेवताना तिने फुशारकी मारली. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. बाबा गाडी चालवतात पण बघते मीच, मी सांगितल्याशिवाय त्यांना लाल दिसतच नाही. बाबा म्हणाले, हो हो, आमच्या ड्रायव्हरीणबाई आहेत त्या. दादा चिडला. आईच्या हातातला घास मात्र तसाच राहिला. बाबांचे डोळे अधू आहेत हे घराला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. आईला ते त्या जेवणात कळलं होतं.

"मग तू त्यांना बोलली का नाहीस?"

"बोलून ऐकणारा माणूस होता का तो? डोळ्यांचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायचे. आणि सकाळी तू परत त्या सीटवर बसणार होतीस." आईने डब्याचं झाकण लावलं. "म्हणून ते झोपल्यावर वाटीतून काढून घेतलं. सकाळी विचारतील, भांडण होईल, तेव्हा काय ते तोंडावर सांगू, असं ठरवलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. रिकाम्या वाटीकडे पाहिलं, खाली गेले, बराच वेळ लागला त्यांना, आणि वर येऊन म्हणाले, इंजिन जाम झालं."

चौकशीला आता आईच्या घाईचं कारण कळायला लागलं होतं. आईला वाटत होतं, आणि इतकी वर्षं वाटत आलं होतं, की काळीज आपल्याच हातून हरवलं असा बाबांनी समज करून घेतला. डोळे जाताहेत, आता वस्तूही कुठे ठेवतो ते आठवत नाही, अशी त्यांना मनातून लाज वाटली, आणि ती झाकायला त्यांनी इंजिनाची थाप मारली. बाबा कधी कधी उगाच शर्टाचा खिसा चाचपायचे. ते पाहिलं की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची. पण चोरी कबूल करायची ती वेळ एकदा टळली आणि मग टळतच गेली. रविवारी ते खाली जायचे आणि गाडीत बसून जिन्याकडे तोंड करून हाक मारायचे, "अगं, येतेस का बसायला?" आई म्हणायची, काम आहे. ती एकदाही गेली नाही. चोरानेच मालकाशेजारी कसं जाऊन बसायचं?

"शेवटच्या आजारातसुद्धा सांगेन सांगेन म्हटलं. नाही सांगितलं," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही. "तो माणूस स्वतःला वेंधळा समजत गेला गं. मी समजू दिलं."

आयुष्यात पहिल्यांदाच चौकशीजवळ प्रश्न नव्हता. तिने आईचा हात धरून ठेवला.

सकाळी उस्ताद आला. चौकशीने काळीज त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजेडात धरून फिरवलं, पॉलिश कागदाने पट्टी हलकेच घासली आणि म्हणाला, झकास, अजून आपल्याला पुरून उरेल. मग टोपीच्या क्लिपांवर तेल सोडलं, दोन्ही अंगठ्यांनी त्या अलगद दाबल्या आणि झोपलेल्या बाळाचं दुपटं काढावं तितक्या जपून टोपी वर घेतली.

आणि तो तसाच वाकून राहिला.

"बाई, तुमच्याकडे किती काळजं होती?"

चौकशीने वाकून पाहिलं. टोपीखाली काळीज होतं, जागच्या जागी, घट्ट बसवलेलं. बुडाशी व्हॅसलीनचा पिवळा झालेला थर. उस्तादाने ते बाहेर काढलं आणि दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. आईच्या डब्यातल्याचं टोक खड्ड्याखड्ड्यांचं. याचं टोक कोरं करकरीत, नुसतं जुनेपणाने मंद झालेलं.

"यातून एकही ठिणगी गेलेली नाही," उस्ताद म्हणाला. "कोरा माल. बसवला आणि गाडी चालू केलीच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ते असं."

चौकशी जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या डोक्यात ती सकाळ आपोआप उलगडत गेली. बाबांनी रिकामी वाटी पाहिली. ते खाली आले. एवढ्या सावध माणसाने एक काळीज जास्तीचं ठेवलं नसेल, तर बाबा कसले? ते हत्यारांच्या पेटीतून काढलं, बसवलं, टोपी लावली. आता नुसती चावी फिरवायची, हॉर्न वाजवायचा, मुलगी दप्तर घेऊन खाली येणार आणि पुढच्या सीटवर बसणार. बाबा बराच वेळ खाली होते, असं आई म्हणाली होती. आदल्या रात्रीच्या जेवणात आईच्या हातात थांबलेला घास त्यांना दिसला नसेलही, पण आईचं गप्प होणं त्यांना ऐकू आलं असणार. वाटी त्यांच्याच पलंगाशेजारी होती. ती कुणी रिकामी केली हे कळायला डोळे लागत नाहीत.

ती उठली आणि दोन्ही काळजं मुठीत घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

आईला समजायला वेळ लागला. तिने दोन्ही तुकडे चष्मा पुसून पुसून पाहिले, खड्ड्यांवरून नख फिरवलं, कोऱ्या टोकावरून फिरवलं. चौकशीने सगळं दोनदा सांगितलं. दादा दारात येऊन उभा राहिला होता.

"म्हणजे चावी त्यांच्याजवळ होती, काळीज गाडीत होतं," आई सावकाश म्हणाली. "वाटेल तेव्हा चालू करता आली असती."

"हो."

"आणि मी घेतलंय, हेही ठाऊक."

"हो गं आई."

आईने दोन्ही काळजं मांडीवर ठेवली. मग तिला राग आला. चांगला सणसणीत राग, गाल लाल करणारा. लबाड माणूस, ती म्हणाली, एवढं पोटात ठेवून बसला आणि वर मला हाका मारायचा. मला वाटायचं याला काही ठाऊक नाही म्हणून बोलावतो. आणि याला सगळं ठाऊक होतं म्हणून बोलावत होता. तिने पलंगाची कड धरली आणि ती उभी राहिली.

खुर्चीत बसवून खाली नेतो, असं दादा म्हणाला. आईने त्याचा हात झिडकारला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबून गुडघ्यांना शिव्या घालत ती उतरली. चौकशी तिच्यापुढे उलटी उतरत होती, पडली तर झेलायला. उस्तादाने पुढचं दार उघडून धरलं आणि सीटवर आपलं बरं फडकं पसरलं.

"हे जुनं बसवा," आई त्याला म्हणाली आणि आपल्या डब्यातलं काळीज त्याच्या हातात दिलं. "ते नवं ठेवा माझ्याजवळ."

चौकशी बाबांच्या जागी बसली. चावी फिरवल्यावर गाडी आधी नुसती कण्हली. दुसऱ्यांदा खोकली, मागून काळ्या धुराचा लोट निघाला, आणि तिसऱ्यांदा इंजिन असं काही धडधडायला लागलं की खिळ्यावरचं हँडल थरथरून वाजू लागलं. उस्तादाने स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिनाला टेकवला आणि चौकशीकडे न बघता मूठ दातांत धरली. तिने आज त्याला काही म्हटलं नाही. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला होता. दादा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, गाडी द्यायची नाही, अंगणात छप्पर टाकून ठेवणार आहोत, उगाच खेप पडली तुम्हाला.

आई समोर बघत बसली होती. हात मांडीवर, मुठीत ते कोरं काळीज.

"एक चक्कर मारूया?" चौकशीने विचारलं. "लाल की हिरवा, ते तू सांग."

"नको," आई म्हणाली. "बंद कर. ते बंद गाडीतच बसायचे."

चौकशीने चावी उलटी फिरवली आणि दार हळूच उघडून ती बाहेर आली. तिची जागा रिकामी झाली तशी आई त्या बाजूला जराशी वळली आणि तिने स्टीअरिंगवर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "आले हो. काम होतं."